नोकरी सुटल्यानंतरचे पहिले नव्वद दिवस: कागदपत्रे, पैसा आणि पुढची तयारी

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे खरेदी विभागात होतो. २०२३ च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका दुपारी मला बोलावून माझे पद बंद होत असल्याचे सांगण्यात आले. नवी नोकरी लागेपर्यंत आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांचा हिशेब आज मांडला, तर भरून न निघणारे नुकसान जवळजवळ सगळे पहिल्या पंधरा दिवसांतले आहे: घाईने केलेली एक सही, नऊ दिवस उशिरा घरी सांगितलेली गोष्ट आणि मुदतीत न केलेला एक अर्ज. ज्यांच्यावर हा प्रसंग नुकताच आला आहे किंवा येण्याची चिन्हे दिसत आहेत, त्यांना तो क्रम हाताशी असावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

१. राजीनाम्यावर त्याच बैठकीत सही करू नका

कामावरून कमी करताना अनेक कंपन्या कर्मचाऱ्याकडून 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा' लिहून घेतात आणि त्यामुळे पुढे नोकरी शोधणे सोपे जाईल असे सांगतात. मलाही तेच सांगितले गेले आणि मी तेथेच सही केली. पद बंद होत असेल, तर पत्रात तेच कारण लिहून मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि कागदावरच्या या एका कारणाला पुढे चार ठिकाणी किंमत येते.

तुम्ही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे 'कामगार' असाल आणि किमान एक वर्ष सलग नोकरी झाली असेल, तर कपातीच्या वेळी एक महिन्याची कारणासहित लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळते. स्वेच्छेने राजीनामा दिल्यास ही भरपाई मिळत नाही. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्ती या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून मला ती लागू नव्हती, परंतु यंत्रावर काम करणाऱ्या माझ्या अनेक सहकाऱ्यांना लागू होती आणि त्यांनीही राजीनामेच दिले. पाच वर्षांच्या आत भविष्य निर्वाह निधी (पीएफ) काढल्यास त्यावर कर लागतो, मात्र नोकरी स्वतःच्या आवाक्याबाहेरील कारणाने गेली असेल तर त्यातून सूट आहे. तेथेही हेच पत्र पुरावा ठरते. राज्य कामगार विमा महामंडळाच्या बेरोजगारी भत्त्यासाठी आणि पुढच्या मुलाखतीत नोकरी का सुटली हे सांगण्यासाठीही ते उपयोगी पडते.

बैठकीत समोरच्याशी वाद घालण्याची गरज नाही. "मला हा मसुदा घरी नेऊन वाचायचा आहे, उद्या उत्तर देतो," एवढे वाक्य पुरते. आवाज स्थिर ठेवून ते म्हणता यावे, यासाठी आधीच मनाशी घोकून ठेवा.

२. घरी त्याच संध्याकाळी सांगा

मी नऊ दिवस सकाळी डबा घेऊन बाहेर पडत राहिलो. त्या नऊ दिवसांत मुलीच्या क्लासची वर्षभराची फी एकरकमी भरली गेली आणि सोसायटीच्या रंगकामाच्या वर्गणीला आम्ही होकार दिला. माझ्या पत्नीला खरी परिस्थिती ठाऊक असती, तर यांपैकी एकही गोष्ट तेव्हा झाली नसती. पैशापेक्षाही, आपल्याला विश्वासात घेतले नाही याचे तिला जे वाईट वाटले, ते निवळायला फार वेळ लागला.

आई-वडिलांना सांगताना आकडेही सांगा: हातात किती महिन्यांचा खर्च आहे, कोणते हप्ते चालू आहेत, कोणते येणे बाकी आहे. वडीलधाऱ्यांना बातमीपेक्षा अनिश्चितता जास्त छळते. मुलांना त्यांच्या वयाप्रमाणे, परंतु खरे सांगा.

झोप उडणे, कोणाला भेटू नयेसे वाटणे, आपण निरुपयोगी झालो असे वाटत राहणे, हे दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना भेटा. फार असह्य वाटत असेल तर तेवढीही वाट पाहू नका. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

३. कंपनीचा ई-मेल आणि सिम बंद होण्यापूर्वी हे गोळा करा

शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीची प्रणाली तुमच्यासाठी बंद होते आणि मग साध्या वेतनचिठ्ठीसाठीही महिनोन्महिने पाठपुरावा करावा लागतो. पुढील कागद आधीच स्वतःच्या ई-मेलवर आणि छापील स्वरूपात जवळ ठेवा:

– नियुक्तिपत्र, पगारवाढीची आणि बढतीची सर्व पत्रे
– किमान शेवटच्या बारा महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या
– मागील सर्व वर्षांचे फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला)
– यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ सदस्य क्रमांक) आणि पीएफचे पासबुक
– सामूहिक आरोग्य विम्याचे प्रमाणपत्र, त्यावरील सदस्यांच्या नावांसह
– शिल्लक रजांची नोंद आणि थकीत प्रवासखर्चाच्या पावत्या
– लॅपटॉप, ओळखपत्र, फोन परत केल्याची पोच
– कार्यमुक्तीचे पत्र अर्थात रिलीव्हिंग लेटर, आणि अनुभवाचा दाखला

कंपनीच्या मालकीची कागदपत्रे, दरपत्रके किंवा ग्राहकांची माहिती मात्र यात मुळीच घेऊ नका. त्यावरून कार्यमुक्ती अडवली जाऊ शकते आणि पुढे कायदेशीर त्रासही होतो.

एका सापळ्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. कंपनीने दिलेला मोबाइल क्रमांकच अनेकांनी आधार, बँक आणि पीएफ या तिन्ही ठिकाणी दिलेला असतो. ते सिम परत केले की ओटीपी येणे थांबते आणि स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही. म्हणून क्रमांक स्वतःच्या नावावर करून मागा. ते शक्य नसेल, तर सिम परत करण्यापूर्वी आधार केंद्रावर जाऊन क्रमांक बदला आणि मग बँक व पीएफमधील नोंद बदलून घ्या.

४. अंतिम हिशेब स्वतः मांडून पाहा

फुल अँड फायनल हिशेबाचा कागद हाती आला की त्यात शेवटच्या महिन्याचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, बोनस, थकीत खर्च आणि नोटीसच्या काळाचे वेतन या प्रत्येकाची वेगळी ओळ आहे का, ते पाहा. कंपनीने स्वतःहून कमी केले असताना नोटीसच्या काळाची रक्कम तुमच्याच हिशेबातून वजा झालेली मी पाहिली आहे. अशी वजावट दिसली तर लेखी विचारणा करा. चारही नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि वेतन संहितेनुसार राजीनामा असो की कपात, थकलेले वेतन दोन कामकाजी दिवसांत देणे बंधनकारक आहे.

ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना कंपनीने द्यायच्या एकरकमी रकमेसाठी, सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी लागते. मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांसाठी नव्या संहितेत ही अट एक वर्षाची आहे. हिशेब सोपा आहे: शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षे. वेतन ४०,००० रुपये आणि नोकरी अकरा वर्षे असेल, तर सुमारे २ लाख ५४ हजार रुपये होतात. शेवटच्या अपूर्ण वर्षात सहा महिन्यांहून अधिक काळ भरला असेल, तर ते पूर्ण वर्ष धरतात. येथे 'वेतन' म्हणजे हातात येणारा पगार नव्हे, तर मूळ वेतन आणि महागाई भत्ता. परंतु भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असेल, तर नव्या व्याख्येप्रमाणे ती जादा रक्कम वेतनातच मिळवावी लागते. ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळाली पाहिजे. मिळाली नाही, तर आधी ई-मेलने आणि मग नोंदणीकृत टपालाने मागणी करून जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो.

५. आरोग्य विमा शेवटच्या दिवसाच्या आत बदलून घ्या

माझ्या हातून झालेली सर्वांत महाग चूक येथे होती, म्हणून हे दोनदा वाचावे अशी विनंती आहे. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. त्यात माझी आईही होती, आणि तिला मधुमेह आहे. सामूहिक पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची सोय असते आणि आधी भरलेल्या वर्षांचा लाभ जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळात (ज्या सुरुवातीच्या काळात विमा त्या आजारांचा खर्च देत नाही) धरला जातो. त्यासाठी संरक्षण संपण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. मला हे मनुष्यबळ विभागाने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दोन महिन्यांनी नवी पॉलिसी घेतली, तेव्हा आईच्या मधुमेहासाठी तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ पहिल्या दिवसापासून सुरू झाला.

तुम्ही असे करा: पद जाणार हे कळताच मनुष्यबळ विभागाकडून विमा कंपनीच्या संपर्क अधिकाऱ्याचे नाव घ्या, स्थलांतराचा लेखी अर्ज करा आणि पोच जपून ठेवा. हप्ता परवडत नाही म्हणून विमाच टाळू नका. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, त्यामुळे भार थोडा हलका झाला आहे. महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आता शुभ्र शिधापत्रिकाधारकांनाही मिळते. म्हणून शिधापत्रिकेवर घरातील सर्वांची नावे आणि आधार जोडणी बरोबर आहे का, हे आधीच पाहून ठेवा; रुग्णालयाच्या दारात ते पाहायची वेळ येऊ नये.

आयुर्विम्याची पॉलिसी चालू असेल तर तीही खंडित होऊ देऊ नका. वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्यासाठी तीस दिवसांची आणि मासिक हप्त्यासाठी पंधरा दिवसांची वाढीव मुदत असते.

६. पैशाचे महिने मोजा आणि बँकेला आधी गाठा

एका कागदावर हातातील रोख, मुदत ठेवी आणि मिळणारा अंतिम हिशेब यांची बेरीज लिहा. दुसऱ्या बाजूला महिन्याचा न टाळता येणारा खर्च लिहा: किराणा, औषधे, घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, वीज, शाळेची फी, विम्याचे हप्ते. भागाकार केला की जितके महिने येतात, त्यातून दोन वजा करा, कारण नवी नोकरी लागली तरी पहिला पगार हाती यायला तेवढा वेळ जातो. आमच्या घरात हा आकडा सात निघाला. तो कागद आम्ही फ्रिजवर चिकटवला आणि दर महिन्याच्या एक तारखेला दोघांनी बसून नव्याने लिहिला.

गृहकर्जाचा हप्ता थकण्यापूर्वी शाखेत जाऊन व्यवस्थापकाला भेटा. हप्ता कमी करून मुदत वाढवणे किंवा काही काळ फक्त व्याज भरणे असे पर्याय बँक विचारात घेऊ शकते, परंतु एकदा हप्ते परत जाऊ लागले की तीच मागणी मान्य होणे कठीण जाते. नव्वद दिवसांहून अधिक थकलेले कर्ज अनुत्पादक म्हणून नोंदले जाते. क्रेडिट कार्डावर 'किमान देय रक्कम' भरून उरलेली पुढे ढकलण्याची सवय अजिबात लावून घेऊ नका, कारण त्या उरलेल्या रकमेवरचे व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वर जाते. अगदीच अडचण आली तर बँकेचे सोनेतारण कर्ज त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला जाऊ नका.

पगार जमा होणे थांबले की काही महिन्यांनी बँक त्या पगारखात्याचे साध्या बचत खात्यात रूपांतर करते आणि किमान शिल्लक नसेल तर काही बँका दंड कापतात. शाळेला हप्त्यांत फी भरण्याची विनंती लेखी करा. आमच्या शाळेने ती लगेच मान्य केली, आणि मी उगाच दोन महिने संकोच करत राहिलो होतो.

७. पीएफला सर्वांत शेवटी हात लावा

नोकरी सुटली की पहिला सल्ला मिळतो तो पीएफ काढण्याचा. माझे मत स्पष्ट आहे: वरच्या कागदावरचे महिने संपत येईपर्यंत तो काढू नये. नोकरी नसतानाही त्यावर व्याज मिळत राहते, आणि म्हातारपणाची ती एकमेव शिस्तीची बचत असते.

जुन्या नियमाप्रमाणे एका महिन्याच्या बेरोजगारीनंतर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर उरलेली रक्कम काढता येत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने यात बदल करण्याचा निर्णय घेतला: ७५ टक्के रक्कम लगेच, उरलेली २५ टक्के बारा महिन्यांच्या बेरोजगारीनंतर, आणि पेन्शन खात्यातील रक्कम दोनऐवजी छत्तीस महिन्यांनंतर. अर्ज ज्या दिवशी कराल, त्या दिवशी पोर्टलवरील नियम वाचूनच पुढे जा.

पेन्शनचा भाग नीट समजून घ्या. कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. माझ्या एका सहकाऱ्याची सेवा आठ वर्षांहून अधिक होती. पीएफ काढताना त्याने पेन्शनची रक्कमही काढली, आणि त्याबरोबर ती सगळी वर्षे पुसली गेली. नव्या नोकरीत त्याची मोजणी शून्यापासून सुरू झाली. पेन्शनची रक्कम न काढता फॉर्म १० सी भरून योजनेचे प्रमाणपत्र घेतले, तर जुनी सेवा पुढच्या नोकरीला जोडता येते. तुमची सेवा सात, आठ, नऊ वर्षे असेल, तर हा परिच्छेद घरातील सर्वांना वाचून दाखवा.

कंपनीने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नाही, तर दावाही करता येत नाही आणि नव्या कंपनीत पडताळणी अडकते. शेवटचे अंशदान जमा होऊन दोन महिने झाले की आधारच्या ओटीपीने ही तारीख तुम्ही स्वतः नोंदवू शकता. ती कार्यमुक्तीच्या पत्रातील तारखेशी तंतोतंत जुळली पाहिजे.

८. ईएसआयचे (राज्य कामगार विम्याचे) सदस्य असाल तर

ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांचे अंशदान राज्य कामगार विमा महामंडळाकडे जाते, त्यांच्यासाठी १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. किमान दोन वर्षांच्या विमित नोकरीची आणि अंशदानाच्या दिवसांची अट पूर्ण होत असेल, तर सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के भत्ता, आयुष्यात एकदा, कमाल ९० दिवस मिळतो. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आपल्या शाखा कार्यालयात त्या वेळची स्थिती विचारा. गैरवर्तनामुळे काढलेल्यांना किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना तो मिळत नाही. कारखान्यातील कंत्राटी मुलांना ही योजना सहसा कोणी सांगत नाही. तुम्हाला माहीत असेल तर कृपया सांगा.

९. नोकरी शोधताना

पहिले दोन महिने मी संकेतस्थळांवर दिसेल त्या जागेसाठी अर्ज टाकत राहिलो आणि जवळजवळ कोठूनही उत्तर आले नाही. फरक पडला तो ओळखीच्या माणसांना स्पष्ट सांगायला सुरुवात केल्यावर. जुने सहकारी, पुरवठादार, महाविद्यालयातील मित्र, अशा चाळीसएक जणांची यादी करून मी रोज दोघांना फोन केला. "काही असेल तर कळवा" असे न म्हणता कोणत्या प्रकारचे काम, कोणत्या भागात आणि साधारण कोणत्या पगारावर हवे आहे, हे सांगितले. आजची नोकरी मला भोसरीच्या एका लघुउद्योजकामुळे कळली, ज्यांच्याकडून मी पूर्वी माल घेत असे. राज्य सरकारच्या महास्वयम आणि केंद्राच्या राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टलवर मोफत नोंदणी करून ठेवा. रोजगार मेळाव्यांची माहिती तेथे मिळते.

मधल्या रिकाम्या काळाबद्दल मुलाखतीत दोन वाक्यांत खरे सांगा आणि त्या काळात काय केले ते सांगा. मी त्या महिन्यांत एका परिचिताच्या कारखान्यातील मालसाठ्याची नोंद संगणकावर आणून दिली होती. मोबदला थोडा होता, पण मुलाखतीत बोलायला ठोस काम मिळाले. बायोडाटातील तारखा ओढूनताणून जुळवू नका. पीएफच्या सेवा-नोंदीवरून त्या ताडून पाहिल्या जातात आणि दोन महिन्यांच्या लपवाछपवीपायी हाती आलेले पत्र परत जाते.

नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा लॅपटॉपची अनामत मागणारी नोकरी ही फसवणूक समजा. टेलिग्रामवर व्हिडिओ पसंत करण्याचे किंवा हॉटेलांना तारे देण्याचे काम देऊन सुरुवातीला दोनशे-पाचशे रुपये खात्यात टाकतात आणि मग हजारो रुपये भरायला लावतात. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

१०. नवी नोकरी लागल्यावरची कामे

रुजू होताना जुनाच यूएएन द्या आणि जुन्या खात्यातील रक्कम नव्या खात्यात आली का, ते पासबुकात पाहा. त्याच आर्थिक वर्षातील आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला लेखी द्या. तो दिला नाही, तर दोन्हीकडे प्रमाणित वजावट आणि करमुक्त टप्पा वेगवेगळा धरला जातो आणि विवरणपत्र भरताना मोठी रक्कम एकदम अंगावर येते. जुन्या कंपनीकडून त्या वर्षाचा फॉर्म १६ मागून घ्या.

मध्यंतरी घेतलेली वैयक्तिक आरोग्य पॉलिसी मात्र नव्या कंपनीचा सामूहिक विमा मिळाला तरी चालूच ठेवा. माझी कंपनी आज आम्हा सर्वांना संरक्षण देते, तरीही जानेवारी २०२४ मध्ये घेतलेल्या त्या पॉलिसीचा हप्ता मी दरवर्षी भरतो, कारण आईच्या मधुमेहाचा प्रतीक्षाकाळ तिच्यात जानेवारी २०२७ मध्ये पूर्ण होतो.